खिडकीजवळचं कपाट

१

“समोरच्याचं बोलून झालं की लगेच तोंड उघडू नकोस. मनात एकदा देवाचं नाव घे, आणि मगच बोल.”

आई सांगायची. ती हे मला सासरी धड नांदता यावं म्हणून सांगत होती. उपयोगी पडलं ते चौकशी शाखेत. माणसाला शांतता सोसवत नाही. आपण देवाचं नाव घेतो, तेवढ्यात समोरचा आणखी दोन वाक्यं बोलून जातो, आणि कामाचं जे असतं ते बहुधा त्या दोन वाक्यांतच असतं.

त्या सकाळी मात्र माझ्या शांततेचा काही उपयोग होईना. समोर बसलेल्या बाईकडे माझ्याहून जास्त शांतता होती.

पोलिसांच्या त्या विभागातल्या त्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी. सगळे त्यांना नुसतं ‘मॅडम’ म्हणत. त्या हुद्द्यापर्यंत पोचलेली दुसरी बाईच तिथे नव्हती, तेव्हा घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता. विभागप्रमुख मोठे साहेब वरच्या कचेरीत चालले होते. त्यांच्या खुर्चीसाठी दोन नावं होती, आणि त्यातलं पहिलं मॅडमचं. निवड समिती दुसऱ्या दिवशी सकाळी बसणार होती.

आणि आदल्या दिवशी दुपारी मुद्देमालाच्या कोठीतून एक पाकीट नाहीसं झाल्याचं उघडकीला आलं होतं.

पाकिटात होता एक चष्मा. एका निवृत्त मास्तरांना भरधाव गाडीनं उडवलं, त्या गाडीचा रंग त्या चष्म्याच्या दांडीला लागलेला. तपास मॅडमचाच. न्यायालयानं चष्मा मागवला, कोठीत शोधला तर जागेवर नाही. मोठ्या साहेबांनी ताबडतोब सगळ्यांची कपाटं उघडायचा हुकूम दिला, “माझ्यापासून सुरुवात करा,” म्हणाले. संध्याकाळी पाकीट सापडलं. अधिकाऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत, खिडकीजवळच्या कपाटात. कपाटावर मॅडमच्या नावाची पितळी पाटी.

“ते तुम्ही ठेवलंत?” मी विचारलं.

“नाही.”

“कोठीच्या बोळात तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ दिसता, असं तिघांनी सांगितलंय. तुमचं तिथे काय काम?”

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. बाहेर रस्ता खोदत होते. यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरे.

“ते मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या.

“उद्या तुमची मुलाखत आहे.”

“माहीत आहे.”

मी मनात देवाचं नाव घेतलं. दोनदा घेतलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे रात्रभर न झोपलेले, इस्त्री मात्र कडक.

“मी कुणाला तरी शब्द दिलाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुम्ही विचारायचं ते विचारा. बोळाबद्दल नको.”

मला पाठवताना माझ्या वरिष्ठांनी ‘शोधून काढा’ असं म्हटलं नव्हतं. ‘आज संध्याकाळपर्यंत मिटवा’ असं म्हटलं होतं. आणि इथे जिचं सगळं पणाला लागलं होतं, तीच तोंड मिटून बसली होती.

२

मोठ्या साहेबांच्या दाराशी शिपायानं सलाम ठोकला. साहेब टेबलामागून उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली, सलाम परत केला, टोपी पुन्हा खुंटीवर अडकवली आणि मग मला म्हणाले, “या, बाई. बसा. चहा?”

“आज माझा उपास आहे.”

“मग नुसतं गरम पाणी. आणा रे!” ते हसले. “टोपीचं आश्चर्य वाटलं ना? उघड्या डोक्यानं सलाम घेता येत नाही. शिपायाचा सलाम असला तरी सलामच. मी आयुष्यात एकाचाही बुडवला नाही.”

माणूस गोड होता. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरोखरच गोड होता. भिंतीवर मॅडमबरोबरचा त्यांचा मोठा फोटो. साहेब मॅडमच्या हातात एक किल्ली देत आहेत, किल्लीला लाल फीत, मागे टाळ्या वाजवणारे लोक.

“कपाटाची किल्ली,” साहेब म्हणाले. “अधिकाऱ्यांच्या खोलीत बाईच्या नावाची पहिली पाटी. वर्तमानपत्रात आलं होतं. मी तिला पोरीसारखी मानतो, बाई. या हातांनी वर आणलंय तिला. आणि आता हे. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

“तुम्हाला काय वाटतं, त्यांनी का केलं असेल?”

“केलं असं मी म्हणत नाही. ताण. माणूस पाकीट बघायला घेतो, ठेवायला विसरतो. मी समितीला सांगेन, थोडी समज द्या, फार ताणू नका. यंदा नाही तर पुढल्या वेळी. वय आहे तिच्याकडे.”

“कपाट उघडलं कसं?”

“जोडकिल्लीनं. ती माझ्या खणात असते. तिची किल्ली मागवत बसलो असतो तर उगीच चर्चा.”

“मॅडमना ते कपाट उघडताना रोज कोण बघतं, हे मला हवंय. त्या गणवेश बदलतात कुठे?”

“कुठे म्हणजे? तिथेच. खिडकीजवळ. मी पडदासुद्धा लावून घेतलाय मध्ये. एकाही विभागात नसेल अशी सोय.” ते पुढे झुकले. माझा आवाज लहान आहे, माझ्याशी बोलताना माणसं झुकतात. “सकाळी येते, बदलते, हजेरीला उभी राहते. घड्याळ लावावं तिच्यावर.”

यंत्र पुन्हा सुरू झालं. साहेबांनी खिडकी लावून घेतली, आणि तेवढ्यात दार न वाजवताच कुणीतरी आत घुसलं.

“चौकशीवाल्या बाई कुठे आहेत? मला आधी विचारा! सगळे माझ्याकडेच बघतायत!”

३

हा ‘तोफ’. समितीपुढचं दुसरं नाव. आवाजामुळे पडलेलं टोपणनाव, आणि तो ते कौतुकासारखं मिरवायचा.

“खोली दाखवा,” मी म्हटलं.

“बायकांनी बघण्यासारखी नाही हो ती.”

“मी आंघोळीला येत नाहीये, दादा.”

तो गडगडून हसला आणि पुढे चालू लागला. दाराशी थांबून आत ओरडला, “झाका रे! बाई आहेत!” आतून पळापळ ऐकू आली. एक जण टॉवेल सावरत, माझ्याकडे न बघता, भिंतीला घासून बाहेर पडला.

ओल्या टॉवेलांचा आणि पावडरीचा वास. लोखंडी कपाटांच्या दोन रांगा. कोपऱ्यात खिडकी, शेजारी पितळी पाटीचं कपाट. साहेबांनी लावलेला पडदा दांडीवर गुंडाळून वर बांधला होता, आणि त्या दांडीवर मोजे वाळत होते.

कपाटाचं दार उघडलं. आत रिकामं. एक हँगर, दाराच्या आतल्या अंगाला आरसा. आरशात माझं तोंड निळं दिसत होतं. मी बोट लावलं. कारखान्यातून येताना काचेवर चिकटवलेला निळा पातळ कागद अजून तसाच होता. चार कोपरे घट्ट.

“मॅडम इथे कुठल्या वेळी येतात?” मी विचारलं.

“इथे?” तोफ माझ्याकडे बघत राहिला. “ह्या खोलीत? बाई, मॅडम इथे एकदा आल्या असत्या तर त्या दिवसापासून आम्ही अंगाला पाणी लावणं बंद केलं असतं. त्या फोटोच्या दिवशी आल्या, तेवढंच. दाराबाहेर अर्धा विभाग उभा होता तेव्हा.”

“हे सगळ्यांना ठाऊक आहे?”

“इथे कपडे बदलणाऱ्या प्रत्येकाला.”

“मग काल पाकीट इथे सापडल्यावर कुणी बोललं का नाही?”

त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “कुणी विचारलं नाही.”

मी गप्प राहिले. त्याला ते झेपलं नाही.

“हे बघा, मला ती प्रमुख म्हणून नको. तोंडावर सांगतो. बाईच्या हाताखाली काम करायची माझी तयारी नाही, ती आली तर मी बदली मागेन. पण मला कुणाला अडकवायचंच असतं तर मी तिच्या गाडीत ठेवलं असतं, टेबलात ठेवलं असतं. इथे ठेवण्याइतका बावळट मी दिसतो का?”

“दिसत नाही.”

“आभारी आहे!”

“काल सकाळी इथे बाहेरचं कोण आलं होतं?”

“कुणी नाही. आमचे आम्ही. साहेबांची फेरी झाली, ती काय धरायची? जाताजाता एक-एक विभाग शेवटचा बघतायत. आम्ही अर्धे टॉवेलवर, तसेच ताठ उभे राहून सलाम ठोकले, नजर समोरच्या कपाटावर.” तो पुन्हा हसला. “आमचा अवतार बघून साहेबांनी सलामसुद्धा घेतला नाही, नुसती मान हलवली आणि गेले.”

“मग मॅडम कपडे कुठे बदलतात?”

तोफनं खांदे उडवले. मग त्या वाळणाऱ्या मोज्यांकडे बघितलं.

“खरं सांगू? इतकी वर्षं एकत्र काम करतोय. कधी मनातच आलं नाही विचारायचं.”

४

विभागातल्या बायकांसाठी वेगळी खोली होती, असं कागदोपत्री. प्रत्यक्षात ते दंगलीच्या ढालींचं कोठार होतं. ढाली भिंतीला उभ्या, शिरस्त्राणं खोक्यांत, आणि मधल्या फटीत अकरा जणींनी एकमेकींच्या कोपरांना चुकवत कपडे बदलायचे. आत शिरल्या शिरल्या एक ढाल माझ्या पायावर पडली.

“सांभाळून, ताई! ती सगळ्यांच्याच पायावर पडते. नव्या माणसाचं स्वागत करते.”

बिनतारी यंत्रावर बसणारी ही पोरगी. अखंड बोलायची म्हणून तिला चिमणी म्हणत.

“मॅडम इथेच येत असतील, नाही?” मी म्हटलं.

“यायच्या. वरच्या हुद्द्यावर गेल्या आणि पंचाईत झाली.”

“कसली?”

“अहो, त्या आत आल्या की आम्ही उभ्या राहायचो ना! साहेब म्हणजे साहेब. एकीचा एक पाय सलवारीत, दुसरी डोक्यातून कुडता काढतेय, आणि सगळ्या ताठ!” ती तोंडावर हात ठेवून हसली, मग गप्प झाली. “मॅडम म्हणायच्या, बसा गं, इथे नको. पण आमची मोठी बाई म्हणायची, शिस्त ती शिस्त, उद्या बाहेर कोण मान देईल त्यांना? मग एक दिवस मॅडम आल्याच नाहीत. आम्हाला अवघडायला नको म्हणून. आम्ही सुटलो म्हणालो. नंतर वाईट वाटलं.”

पुरुषांच्या खोलीत जाता येत नाही, बायकांच्या खोलीत राहता येत नाही. हुद्दा वाढला आणि त्या बाईला साधी साडी बदलायला भिंत उरली नाही. माझ्या काळजात काहीतरी हललं. पण काळजाचं काम वेगळं, चौकशीचं वेगळं.

“मग आता कुठे बदलतात?”

चिमणी खोक्यातलं एक शिरस्त्राण उचलून पुसायला लागली.

“ताई, मी सांगितलं तर एका म्हाताऱ्याची नोकरी जाईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

बाहेर यंत्र थांबलं होतं. त्या अचानक आलेल्या शांततेत तिचं कुजबुजणंही मोठं वाटलं.

“कोठीवर,” ती म्हणाली. “मुद्देमालाच्या कोठीच्या मागे.”

म्हणजे पाकीट जिथून गेलं, तिथेच.

५

कोठीवाल्या काकांच्या गळ्यात किल्ल्यांचा जुडगा होता.

“कुणी येत नाही इथे. कुणीच नाही,” ते आधीच म्हणाले, मी अजून काही विचारलंही नव्हतं.

“मागच्या खोलीत मॅडम येतात, काका.”

त्यांनी स्टूल शोधलं आणि बसले. मला बसायला सांगायचं राहून गेलं हे लक्षात येताच पुन्हा उठले. “बसा, बसा.”

ती खोली म्हणजे जुन्या सामानाची अडगळ, बोळातून वेगळं दार. काकांनी तिथे स्वतःच्या हातानं आतून कडी बसवली होती. एक खुंटी, तिच्यावर मॅडमचा घरचा वेष नीट घडी घालून, खाली चपला. कोठीत उघडणारं आतलं दार होतं, पण त्याला कोठीच्या बाजूनं अडसर आणि कुलूप. मी ते हलवून पाहिलं. अडसरावर गंजाचा थर होता, किती दिवसांत सरकला नव्हता कोण जाणे.

“कोठीच्या आवारात कुणाला येऊ द्यायचं नाही, हा नियम,” काका म्हणाले. “पण बाईमाणूस गाडीत बसून, खिडक्यांना वर्तमानपत्रं लावून कपडे बदलत होती हो! माझी लेक तेवढीच. मी म्हटलं, ही कडी घ्या, फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, मेले तरी नाही येणार.”

“त्यांनी शब्द पाळलाय. आज सकाळी मी विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. उद्याची खुर्ची जायची वेळ आली तरी.”

म्हातारा मान खाली घालून रडायला लागला. मी त्यांना रडू दिलं. मग हळूच विचारलं, “पाकीट तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?”

“परवा संध्याकाळी. कोठी बंद करताना. चष्म्याचं पाकीट, लाखेचं सील, दारालगतच्या फळीवर.”

“आणि काल दुपारपर्यंत आत कोण आलं?”

“कुणी नाही.”

“कुणीच?”

“देवाशपथ, कुणीच नाही. सकाळी साहेबांची तपासणी झाली, बस.”

साहेब म्हणजे कुणी नव्हे. सकाळपासून दुसऱ्यांदा मी हेच ऐकत होते.

“तपासणीच्या वेळी तुम्ही काय करत होतात?”

“काय करणार? सलामीत उभा. साहेब पुढे आहेत तोवर नजर भिंतीवर. डोळा हलवला की पूर्वी आमचे उस्ताद छडी मारायचे, ते अंगात मुरलंय.”

“आणि साहेबांनी सलाम घेतला?”

काकांनी डोळे पुसले. थोडे गोंधळले. “तेच मनाला लागलं, ताई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नुसती मान हलवली. म्हटलं, आता वर चालले, आपल्यासारख्यांचं काय.”

जो माणूस शिपायासाठी टेबलामागून उठून टोपी घालतो, त्यानं एकाच सकाळी दोन ठिकाणी सलाम बुडवला होता.

६

साहेबांच्या खोलीत जायच्या आधी मी मॅडमच्या आईला फोन लावला. कपाटाची किल्ली कुठे आहे, एवढंच विचारलं.

“इथेच की!” म्हातारीचा आवाज खणखणीत. “काचेच्या कपाटात, तिच्या पदकाशेजारी. फीतसुद्धा सोडली नाही मी. का हो, परत मागतायत का?”

नाही, म्हटलं. राहू द्या.

साहेब एकटेच होते. मी दार लावलं.

“सापडलं काही?”

“पाकिटाचं सील शाबूत आहे, साहेब. ज्यानं नेलं त्याला चष्मा नको होता. चष्मा नाहीसा होणं हवं होतं, आणि तो मॅडमच्या नावाखाली सापडणं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की मॅडमच्या नावाखालची जागा कुणाला कुठली वाटली?”

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

“आज मी एकच विषय चौघांकडे काढला. मॅडम गणवेश कुठे बदलतात? तोफसाहेबांना ठिकाण माहीत नाही, पण त्या कपाटापाशी नाही हे पक्कं माहीत. खोलीतल्या प्रत्येक पुरुषाला माहीत. त्यांच्यापैकी कुणी अडकवलं असतं तर दुसरीकडे ठेवलं असतं. चिमणीला खरी जागा माहीत. कोठीवाल्या काकांनी तर ती जागा दिलीच. त्यांना दगा करायचा असता तर पाकीट त्यांच्या भिंतीपलीकडे, मॅडमच्या खुंटीवर टांगता आलं असतं. ते कपाट मॅडम रोज वापरतात असं मानणारा सबंध विभागात एकच माणूस निघाला. त्याची न्हाणी वेगळी आहे, त्याच्या दालनालाच लागून. तो त्या खोलीत कपडे बदलत नाही. त्यानं कपाट दिलं, पडदा लावला, फोटो काढला, आणि पुढे ते वापरात आहे की नाही, हे बघायला कधी गेला नाही.”

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती तरी.

“ही तुमची अटकळ झाली.”

“जोडकिल्ली तुमच्या खणात. मॅडमची किल्ली त्यांच्या आईच्या काचेच्या कपाटात, फितीसकट. काल सकाळी आधी कोठीत आणि मग अधिकाऱ्यांच्या खोलीत, दोन्हीकडे गेलेला माणूसही एकच. सगळे सलामीत होते, म्हणून कुणी त्याच्या हातांकडे पाहिलं नाही. पण दोघांनी मला सांगितलं, की साहेबांनी सलाम घेतला नाही.”

मी थांबले. मनात नाव घेतलं.

“उकडत होतं,” ते म्हणाले. “टोपी काढली होती.”

“हातात होती?”

“हो.”

“उपडी की उताणी?”

बाहेर यंत्र पुन्हा धडधडू लागलं आणि खिडकीची तावदानं थरथरली. साहेबांनी खुंटीवरच्या टोपीकडे नजर टाकली. उताण्या टोपीत चष्म्याचं पाकीट सहज मावतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

“वरून सांगितलं होतं, यादीत एक बाई हवी,” ते बोलले. आवाज तसाच गोड, फक्त थकलेला. “मी तिचं नाव दिलं. आनंदानं दिलं. पण खुर्ची तोफची, असं मी सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो. आणि ही पोरगी प्रत्येक गोष्टीत पहिली येत गेली. मला तिचं वाटोळं नव्हतं करायचं, बाई. एक डाग, एवढासा. पुढल्या वेळेपर्यंत पुसला गेला असता. या हातांनी वर आणलंय मी तिला.”

“वर आणलंत की वर दाखवलंत?”

ते खुर्चीत मागे टेकले. “ठीक आहे. ऐका. मी आत्ता लिहून देतो, तपासणीत पाकीट नजरचुकीनं इकडचं तिकडे झालं. तिच्यावर ठपका नाही. उद्या ती समितीपुढे निर्मळ जाईल, कदाचित निवडूनही येईल. कोठीवाल्यानं दिलेल्या जागेचंही मी बघत नाही. तुम्ही माझं नाव घेऊ नका. सगळ्यांचं भलं.”

ते खोटं नव्हतं. सगळ्यांचं भलं होत होतं, तेच मला टोचत होतं.

“हे मी ठरवायचं नाही,” मी म्हटलं. “जिचं आहे तिला विचारते.”

७

मॅडम गच्चीवर सापडल्या. पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं, साहेबांच्या सौद्यासकट. त्या थांबल्या नाहीत, म्हणून मीही त्यांच्याबरोबर चालत राहिले.

“म्हणजे मी उद्या आत जायचं, आणि खुर्ची मिळाली तर ती त्यांनी दिलेली,” त्या म्हणाल्या. “पुन्हा एक किल्ली. पुन्हा फोटो.”

“मिळेल तरी.”

“हो, मिळेल. मला हवीय ती. खोटं कशाला बोलू? झोपेतसुद्धा हवीय.” त्या कठड्याशी थांबल्या. खाली चिमणी आणि दोघी-तिघी आवारात उभ्या होत्या, वर बघत. आम्ही बघतोय हे कळताच त्यांनी माना वळवल्या. “पण मग ते वर जातील आणि तिथून आणखी एखादीला कपाट देतील. तिला कळणारही नाही की त्याच्या आत काय ठेवता येतं.”

“मग उद्या समितीला सांगशील?” माझ्या तोंडून ‘तू’ निघून गेलं. तिनं ऐकलं आणि काही वाटून घेतलं नाही.

“तेच तर. मी साहेबांचं नाव घेतलं की काय म्हणतील? खुर्चीसाठी स्वतःच्या गुरूला बुडवलं. माझ्या तोंडून ते खरं असूनही खोटं वाटेल.” तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला. “आणि काका? त्यांना मी शब्द दिलाय.”

“काकांनी मला स्वतः सांगितलं. तू नाही मोडलास.”

तिनं श्वास सोडला. सकाळपासून तिचा धरलेला श्वास मी तेव्हा पहिल्यांदा सुटताना ऐकला.

“कडी बाईला आडोसा हवा म्हणून बसवली, हेही मी तसंच सांगेन,” मी म्हटलं. “नाव तुला घ्यायचं नाही. मी घेईन. चौकशी करणाऱ्याला समितीपुढे उभं राहायचा हक्क असतो. उद्या तुझं नाव पुकारण्याआधी मी आत जाऊन सगळं तोंडानं सांगितलेलं असेल. तू फक्त तुझ्या कामाबद्दल बोल.”

“त्यांनी तुम्हाला आत घेतलं नाही तर?”

“घेतील.”

“शब्द?”

“शब्द.”

ती माझ्या पायांकडे वाकली. मी तिला मध्येच धरलं. गणवेशात वाकू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं वाचन संपत आलं होतं तेव्हा फोन वाजू लागला. मी अध्याय पूर्ण केला, पुस्तकाला कपाळ लावलं, मग उचलला. माझे वरिष्ठ.

“रात्री मोठ्या साहेबांशी बोलणं झालं,” ते म्हणाले. “सगळं कळलं. पाकीट मिळालं, बाईवर ठपका नाही, विषय संपला. तुमचा अहवाल सावकाश, पुढच्या आठवड्यात द्या. आज समितीकडे फिरकायचं कारण नाही. गाडीही आज दुसरीकडे लावलीय. ऐकताय ना? बाई, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत तुमचे. सुखानं घरी जा.”

मी मनात देवाचं नाव घेतलं.

“ऐकलं, साहेब,” मी म्हटलं.

फोन ठेवला. गणवेश घातला, आरशापुढे उभी राहून टोपी सरळ केली. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, “आज एवढ्या लवकर? गाडी नाही आली का?”

“नाही आली,” मी म्हटलं. “चालत जाते.”

जिन्याचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि समितीच्या इमारतीच्या रस्त्याला लागले.